कायं वावर, सगळं जोडून, लहान लिपीत

अमळनेर,
मंगळवार, १६ नोव्हेंबर १९९९

तीर्थस्वरूप नानांच्या पायांवर धाकट्या भिकनचं डोकं, आणि वच्छलावहिनींच्याही. डोकं एकच असलं तरी ते दोन्हीकडे टेकलं आहे असं समजावं.

इकडे आम्ही खुशाल आहोत. तुमची कंबर कशी आहे? मागच्या खेपेला आलो तेव्हा तुम्ही ओट्यावरून उठताना खांबाला धरत होतात आणि धरलेलं कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघत होतात. मी पाहिलं. वाळूच्या पुरचुंडीनं शेकावं, आणि केळीचे घड उचलायला माणसं लावली आहेत तर ते त्यांनाच उचलू द्यावेत. बागेला पाणी पुरतंय ना, चोपड्याहून ट्रक वेळेवर येतात ना, फराळाचं एवढं करून वहिनींचा गुडघा काय म्हणतो, हे सवडीनं कळवावं. सुनंदाची तब्येत चांगली आहे. तिचा आवाज तर फारच चांगला आहे. मला दिवाळीची सुट्टी आहे आणि या सुट्टीत माझ्या हातून जे घडलं ते ऐकून तुम्ही खाटेवर ताडकन उठून बसाल, म्हणून आधीच कंबर सांभाळून बसावं ही विनंती.

गेल्या गुरुवारी भर दुपारी मी तुम्हाला फोन करून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आणि तुम्ही मला येड लागलं असं ठरवून फोन आपटलात, त्याचा खुलासा करायला हे पत्र. मला येड लागलेलं नाही. नाना, मी कॉम्प्युटर चालवला! मी, तुमचा भिकन, ज्याला तुम्ही पंपाचं बटण दाबू देत नाही, त्यानं. पण सगळं क्रमानं सांगतो, नाहीतर तुम्ही मधेच "पुढं काय ते सांग" म्हणाल आणि मी पुढचंच सांगून बसेन.

हे पत्र वहिनीच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, कारण तुमचा चष्मा नेहमी दुसऱ्या बंडीच्या खिशात असतो. म्हणून वहिनींना एक सूचना. या पत्रात जिथं कंस येईल तिथं आवाज बंद करून मनातल्या मनात वाचावं. शाळेत मी मुलांना शिकवतो की कंसातला मजकूर गौण असतो, तो गाळला तरी वाक्याचं काही बिघडत नाही. तेव्हा नानांनी त्याबद्दल चौकशी करू नये. (वहिनी, गौण वगैरे काही नाही, सगळं कंसातच आहे. तुमचा लेक गोरख सव्वीस तारखेला फिनलंडला निघतोय. दोन वर्षांसाठी. तिथं एका कारखान्यात खिशातले फोन बनतात, आणि त्या फोनवरून चिठ्ठ्या पाठवता येतात, त्या चिठ्ठ्यांचं काम त्याला मिळालंय. पण जाण्याआधी त्याला नानांच्या तोंडून एक शब्द हवाय. तो मिळावा म्हणून हा सगळा खटाटोप आहे. आता चेहरा सरळ ठेवा आणि पुढं मोठ्यानं वाचा.)

तर झालं असं की ज्याचं नाव आपल्या घरात काढायचं नाही असं तुम्ही ठरवलंय, त्यानं माझ्याकडे एक खोकं पाठवलं. त्याचं नाव मीही काढत नाही. या पत्रात त्याला मी मशीनवाला म्हणतो. धुळ्याचा त्याचा एक दोस्त बंगलोरहून घरी येत होता, त्यानं ते एसटीतून मांडीवर घेऊन आणलं. उघडून पाहतो तो आत पाटीसारखा मिटणारा एक कॉम्प्युटर. मांडीवर ठेवून चालवायचा असतो म्हणे. (मी ठेवून पाहिला. धोतर असतं तर भाजलो असतो.) त्याच्याबरोबर एक चार्जर, फोनला जोडायची एक डबी जिला मोडेम म्हणतात, आणि एक फ्लॉपी. फ्लॉपी म्हणजे चौकोनी चपटी वस्तू, आपल्या तंबाखूच्या डबीपेक्षा थोडी मोठी, आणि आत सगळी माहिती. त्याच संध्याकाळी मशीनवाल्याचा फोन आला. म्हणाला, हे मशीन जुनं झालंय, पण त्यात लिनक्स घातलंय, त्यावर पत्रं पाठवायला अजून दहा वर्षं चालेल. फ्लॉपीत मोडेमची सगळी मांडणी करून दिलीय. नानांशी बोलायला हाच एक रस्ता राहिलाय, फोन ते ठेवून देतात आणि पत्रं परत येतात. असं म्हणाला. मी फक्त त्याचं म्हणणं पोचवतोय, नाना, माझ्यावर डोळे वटारू नका.

लिनक्स म्हणजे काय हे मला समजलं तेवढं सांगतो, कारण तुम्हाला ते आवडेल. कॉम्प्युटरला चालायला आतून एक कारभारी लागतो. बाजारात मिळतो तो कारभारी विकतचा, आणि तो आत काय करतो हे कुणाला दाखवत नाही. हा लिनक्स मात्र जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलाय आणि उघडा ठेवलाय. कुणाला त्यात चूक दिसली तर तो दुरुस्त करतो आणि दुरुस्त केलेलं परत सगळ्यांना देतो. आपल्या गावच्या भंडाऱ्याला कुणी पीठ आणतो, कुणी डाळ आणतो, कुणी नुसताच वाढायला उभा राहतो आणि जेवायला मात्र बठ्ठा गाव, तसंच हे आहे. असली वस्तू माणसं फुकट का करतात असं मी विचारलं, तर मशीनवाला म्हणाला, काका, भंडाऱ्यात तुम्ही का वाढता? मी मराठीचा मास्तर, लगेच विषय बदलून बंगलोरला पाऊस आहे का ते विचारलं.

पासवर्ड मात्र त्यानं सांगितला नाही. पासवर्ड म्हणजे मशीनच्या दाराची किल्ली. तो म्हणाला, पासवर्ड कागदावर लिहायचा नसतो आणि फोनवर बोलायचा नसतो, तसा शिरस्ता आहे. फक्त एवढंच सांगतो, नानांच्या विहिरीजवळच्या शेताचं नाव, सगळं जोडून, इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत. तुम्हाला काय, माहीतच आहे. आणि मी उद्या बंगलोरची खोली सोडून व्हिसासाठी मुंबईला चाललोय, तिथं फोन नाही, काही अडलं तर मेल करा. आता तुम्हीच बघा. मशीन उघडायचं अडलं तर त्याला मेल करायचा, आणि मेल करायला मशीन उघडलेलं पाहिजे. मी हे त्याला सांगेपर्यंत फोन बंद झाला.

पण पासवर्ड दूरच, मशीन मुळात चालूच होईना. चार्जर लावला की एक हिरवा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. म्हणून मी विचार केला, निदान फ्लॉपीत काय आहे ते तरी बघू, आणि ती खिशात घालून हिलालसरांच्या कॉम्प्युटर क्लासला गेलो. हिलालसर माझे जुने विद्यार्थी. (अजून 'शाळा'ला 'शाया' म्हणतात. तीस वर्षं मी या तालुक्यातल्या पोरांच्या जिभेवर 'ळ' चढवतोय. पोरं मला मागून 'ळ-सर' म्हणतात हेही मला माहीत आहे.) त्यांनी फ्लॉपी त्यांच्या मशीनमध्ये घातली. त्यांचं मशीन विकतच्या कारभाऱ्याचं. पडद्यावर इंग्रजीत चौकट आली. हिलालसर म्हणाले, सर, हे विचारतंय, ही फ्लॉपी फॉरमॅट केलेली नाही, फॉरमॅट करू का? आता नाना, फॉरमॅट म्हणजे नमुना. अर्जाचा फॉरमॅट, पत्राचा फॉरमॅट, प्रश्नपत्रिकेचा फॉरमॅट, मी आयुष्यभर हेच शिकवत आलो. मला वाटलं, पोरानं घाईत अस्ताव्यस्त लिहून दिलंय आणि हे मशीन बिचारं म्हणतंय की व्यवस्थित नमुन्यात मांडून देऊ का. मी म्हणालो, करा की, अगदी व्यवस्थित करा, समास सोडून करा! हिलालसरांनी बोट उचललं आणि वीज गेली.

अशा वेळी वीज गेली की मी काय काय बोलतो ते सुनंदाला विचारा. पण त्या दिवशी अंधारात बसल्या बसल्या हिलालसरांनी सहज विचारलं, सर, आत काही महत्त्वाचं नाही ना, कारण फॉरमॅट केलं की सगळं पुसलं जातं. नाना, मी खुर्चीवरून असा उठलो की खुर्ची मागे पडली. फ्लॉपी बाहेर काढून घेतली, छातीशी धरली आणि वीज यायच्या आत क्लासबाहेर पडलो. लिनक्सची फ्लॉपी विकतच्या कारभाऱ्याला वाचता येत नाही, आणि वाचता आलं नाही तर तो 'मला येत नाही' म्हणत नाही, 'हे कोरं आहे, पुसू का' असं म्हणतो. असे परीक्षक मी बोर्डात पाहिले आहेत.

मग मशीन घेऊन नूर महंमदकडे गेलो. स्टँडजवळ त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे, तुमचा ट्रान्झिस्टर त्यानंच दोनदा नीट केला आणि तिसऱ्यांदा बिघडवला. त्यानं आधी मशीन कानाशी धरून हलवलं. मग त्याच्या सवयीनं वरून एक चापट मारणार होता, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. म्हणाला, "मास्टरसाब, मरा नहीं है, बेहोश है." आम्ही दोघं एकेक गोष्ट तपासत गेलो. भिंतीतलं सॉकेट ठीक. चार्जरची वायर ठीक. बॅटरी मात्र संपलेली, ती कधीच काही धरून ठेवणार नाही, म्हणजे वीज गेली की मशीननं मान टाकलीच. दिवा लुकलुकतो याचं कारण सापडेना. शेवटी मी चार्जरची पिन नुसती बोटानं वर उचलून धरली आणि दिवा स्थिर झाला! आतला टाका सुटलेला होता. नूर महंमदनं मशीन उघडून सोल्डरिंगनं तो पक्का केला आणि मी शेजारी उभा राहून फुंकर घालत होतो. (फुंकर घालायची गरज नव्हती असं नंतर कळलं.) बटण दाबल्यावर पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा असा पाऊस सुरू झाला की नूर महंमदनं "या अल्ला" म्हणून आपला तापलेला सोल्डरिंग आयर्न चहाच्या कपात बुडवला. चहा माझा होता.

मशीन घरी आणलं. अक्षरं थांबली आणि मशीननं विचारलं, कोण? इथं नाव लिहायचं असतं. ते मशीनवाल्यानं सांगून ठेवलं होतं, चार अक्षरं. एन, ए, एन, ए. होय नाना, तुमचं. मशीनला दुसरं कुणी माहीतच नाही. मग ते पासवर्ड विचारतं, आणि तिथं कितीही टाइप करा, पडद्यावर एक ठिपकासुद्धा उमटत नाही. आधी मला वाटलं कळफलक बिघडला. मग कळलं की ती लिनक्सची रीत आहे, शेजारी उभ्या माणसाला पासवर्ड किती अक्षरी आहे हेही कळू द्यायचं नाही. आता विहिरीजवळचं शेत म्हणजे काळं शेत, लहानपणी आपण तिथंच कणसं भाजली. मी लिहिलं काळेशेत. चूक. काळंशेत. चूक. काळेवावर, काळीजमीन, विहिरीचेशेत, मग रागानं कृष्णमृत्तिका. सगळं चूक. मशीन दरवेळी थोडा वेळ थांबतं आणि तेच दोन शब्द म्हणतं, 'लॉगिन इनकरेक्ट', जणू कशाला भिकनलाच पाठवलं असं. मला वाटलं, मी गाव सोडून इतकी वर्षं झाली, मधल्या काळात शेताचं नाव बदललं असेल. म्हणून तुम्हाला फोन केला.

तो फोन मी पुन्हा आठवून लिहितो, म्हणजे चूक कुणाची ते ठरवता येईल. मी विचारलं, "नाना, विहिरीजवळच्या शेताला काय म्हणतात?"

तुम्ही म्हणालात, "कायं वावर."

मला वाटलं, तुम्हाला नीट ऐकू आलं नाही आणि तुम्ही उलट मलाच विचारताय, काय, वावर? मी म्हणालो, "हो, वावरच. त्याला काय म्हणतात?"

"कायं!"

"अहो, तेच विचारतोय. काय?"

"कायं वावर! कायं! कायं! तुले येड लागनं का रे, भिकन?" आणि फोन आपटलात.

मी रिसीव्हर ठेवला. सुनंदानं विचारलं, काय म्हणाले भाऊजी? मी म्हणालो, काय म्हणाले. ती म्हणाली, तेच विचारतेय, काय? आणि मग नाना, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काय नव्हे, कायं! आपल्या घरात 'ळ' आहे कुठं? आपण धुयाले जातो, जयगावहून येतो, केयी लावतो आणि कायं वावर नांगरतो. तीस वर्षं 'ळ' शिकवून शिकवून मी आपल्याच शेताचं नाव शुद्ध करून बसलो होतो, आणि मशीन मला त्याच्यासाठी दारात उभं करत होतं. (वहिनी, इथं थोडं थांबा. ते पोर शेतकी कॉलेज शिकलेलं, बंगलोरला इंग्रजीत काम करणारं. दोन वर्षं रोज सकाळी काम सुरू करताना त्यानं आधी 'नाना' लिहिलंय आणि त्याच्याखाली 'कायं वावर'. पुस्तकातलं नाही, नानांच्या तोंडचं. पडद्यावर ते दिसत नाही म्हणून कुणाला कळलं नाही, एवढंच. मी चष्मा पुसायला आत गेलो तर सुनंदा म्हणाली, कांदा चिरायला अजून घेतला नाही मी.)

बरं, एवढं कळूनही मशीन उघडेना! के, ए, वाय, ए, वावर. चूक. पुन्हा. चूक. आता मात्र माझं डोकं चाललं, आणि हे मी स्वतः शोधलं, नूर महंमदनं नाही, हिलालसरांनी नाही. पासवर्डच्या जागी अक्षरं दिसत नाहीत, पण नावाच्या जागी दिसतात. म्हणून मी नावाच्या जागी कायं वावर टाइप केलं. पडद्यावर उमटलं 'कावावर'. वाय गायब! सगळ्या कळा ठीक, फक्त वायची कळ दाबली तर दाबल्यासारखी वाटते आणि उमटत काही नाही. मग मी अंगठा ठेवला, त्यावर दुसरा अंगठा ठेवला आणि आपण फवारणीचा पंप दाबतो तसा दाबला. 'य' उमटला. पुन्हा पासवर्डच्या जागी गेलो, सगळं लिहिलं, वायला दोन्ही अंगठे लावले, आणि दार उघडलं. नाना, मी ओरडलो. शेजारच्या बेबाबाई धावत आल्या की क्रिकेटमध्ये काय झालं.

पुढचं थोडक्यात सांगतो. (थोडक्यात नाही.) फ्लॉपी खाचेत सारली म्हणजे काम झालं असं लिनक्समध्ये नसतं. तिला आधी माउंट करावं लागतं, म्हणजे चढवावं लागतं, आणि काढायच्या आधी उतरवावं लागतं. नवरदेवाला घोड्यावर चढवतात आणि उतरवल्याशिवाय घोडा नेत नाहीत, तसं. चढवण्याची आज्ञा मशीनवाल्यानं सांगितली होती, ती चालली. उतरवण्याची आज्ञा मी अनमाउंट अशी शुद्ध लिहिली, तर मशीन म्हणालं असली आज्ञाच नाही. कारण या विद्वानांनी त्यातला मधला एन गाळून 'युमाउंट' असं करून ठेवलंय! जगभरातल्या इतक्या लोकांनी चुका दुरुस्त केल्या आणि ही एक सोडली. मला ती लाल शाईनं दुरुस्त करायची फार इच्छा आहे, आणि मशीनवाला म्हणतो की काका, तुम्ही खरंच कळवू शकता. असा कारभार मी आजवर पाहिला नाही.

मग मोडेम फोनला जोडला आणि जळगावचा नंबर फिरवायला लावला. तो आधी बेडकासारखा ओरडला, मग शिट्ट्या, मग तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा आवाज. त्याच वेळी सुनंदानं आतल्या खोलीतला फोन उचलला आणि तिनं "अहो, लवकर या, कुणाला तरी फार लागलंय" असं म्हणून हाका मारल्या. लाइन तुटली. दुसऱ्यांदा तिला बेबाबाईंकडे बसवून आलो आणि पत्र गेलं. मशीनवर मराठी अक्षरं नाहीत, म्हणून मराठी इंग्रजी लिपीत लिहावं लागतं, पण मी मायना सोडला नाही. अनेक आशीर्वाद, पत्रास कारण की, सगळं लिहिलं. 'नानांनी केळे लावले' असं लिहिलं ते इंग्रजी लिपीत 'नानांनी केले लावले' असंही वाचता येतं, पण त्याला इलाज नाही.

आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, नाना! मुंबईहून, कुठल्याशा दुकानात बसून लिहिलेलं, पोस्टमन नाही, तिकीट नाही. (वहिनी, हा मोठा कंस आहे, चुलीवर काही असेल तर उतरवून घ्या. उत्तर चांगलं लांब होतं, तुमची विचारपूस होती, गुडघ्याला तेल लावता का असं होतं. शेवटची ओळ इंग्रजी लिपीत अशी: नानाले सांगा, मी वाय-ई-एस. मी ते 'मी यस' असं वाचलं. यस म्हणजे हो. कशाला हो? नोकरीला? लग्नाला? मला वाटलं, पोरानं तिकडची मुलगी पाहिलीय की काय. सुनंदाला वाचून दाखवलं तर तिनं कपाळावर हात मारला. म्हणाली, यस काय, येस म्हणतोय तो. मी येस. मी येतो. वहिनी, तुम्हाला तो दिवस आठवतच असेल. शेती सोडून बंगलोरला निघताना ओट्यावर सगळ्यांसमोर तो 'मी जास', मी जातो, म्हणाला. आपल्या घरातून बाहेर पडणारा कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आणि नानाही 'जाय' म्हणाले. तेवढ्या दोन शब्दांवर दोन वर्षं गेली. आता तो त्या दिवशीचा शब्द बदलून मागतोय. 'मी येस' म्हणतोय आणि नानांनी 'ये' म्हणावं म्हणून थांबलाय. नानांचं 'ये' आलं नाही तर तो जाईल, पण तसाच जाईल, आणि मला ते बघवणार नाही. कंस संपला. आता आवाज मोठा करा, पण एकदम नको, नानांना संशय येईल.)

उत्तरात सगळी खुशाली आहे. एकूण माझी सुट्टी सार्थकी लागली. आता शाळा सुरू झाली की मुलांना 'मी कॉम्प्युटर चालवतो' हा निबंध घालणार आहे. तुमच्या केळ्यांची आठवण येते, शक्य तर एक फणी पाठवावी. कंबर जपावी. लोभ आहेच, तो वाढवायला जागा उरली नसेल तरी वाढवावा.

तुमचा,
भिकन

ता. क. नाना, एक अडचण सांगायची राहिली. एक छोटंसं उत्तर पाठवायचंय, आणि त्यात वायची कळ लागते. माझी बोटं खडू धरून धरून मऊ पडली आहेत, त्या कळेला ती दाद देत नाहीत. तिला नांगराचं रुमणं धरलेलं बोट पाहिजे. तेव्हा या रविवारी सकाळच्या एसटीनं अमळनेरला यावं. काम फक्त दोन कळांचं आहे. वहिनींनाही आणावं आणि त्यांनी भरताची वांगी आणावीत.

ता. क. दुसरं. सुनंदानं आताच हे पत्र वाचलं आणि ती म्हणते, मोठ्या भावाला खोटं लिहू नये. बरं. वायची कळ नूर महंमदनं परवाच उघडून स्पिरिटनं पुसून दिली. आता ती लोण्यासारखी दबते. सुनंदानं करंगळीनं दाबून दाखवली.

ता. क. तिसरं. वहिनी, आता सगळे कंस मोठ्यानं वाचून दाखवा. पहिल्यापासून, गोरखचं नाव घेऊन. मी थांबतो.

वाचले? नाना, आता तुम्हाला सगळं कळलं. काल मी मशीनपुढे बसलो होतो. पासवर्ड मला येतो, कळ चालते, मशीनवर नाव तुमचंच आहे. मी 'ये' लिहून पाठवलं असतं तर त्याला कधी कळलंही नसतं. मी लिहिलंही. पडद्यावर ती दोन अक्षरं बराच वेळ बघत बसलो, आणि मग पुसून टाकली. ती माझी नव्हती. तुम्ही खुर्चीत बसा, चष्मा बंडीच्या खिशात राहू द्या, कुठली कळ ते मी बोटानं दाखवीन. तुम्ही जे लिहाल ते लिहा, मी एक अक्षरही दुरुस्त करणार नाही. या.